उद्याचे वन्यजीव अधिकारी घडवायचे कुणी आणि कुठे?

सरकारी वन्यजीव खात्याचा प्रमुख निवृत्तीला आला की त्याच्या जागी कोण, ही चर्चा साधारणपणे शेवटच्या दोन-तीन महिन्यांत सुरू होते आणि सेवाज्येष्ठतेच्या यादीवर बोट ठेवून संपते. यादीत पहिले नाव कुणाचे, त्याच्यावर एखादी खातेनिहाय चौकशी प्रलंबित नाही ना, गोपनीय अहवाल ठीक आहेत ना, एवढे पाहिले की निवड झाली. त्या माणसाने आधीची पंचवीस-तीस वर्षे कोणते निर्णय घेतले, त्यांचे परिणाम पाहायला तो जागेवर राहिला का, त्याच्या हाताखाली तयार झालेल्यांपैकी किती जण आज स्वतंत्रपणे एखादे अभयारण्य सांभाळू शकतात, हे प्रश्न त्या वेळी कुणी विचारत नाही. आणि विचारले तरी उत्तर देणारा कागद खात्यात सापडत नाही. मग नवा प्रमुख खुर्चीत बसल्यावर त्याला आठवडाभराच्या नेतृत्व-प्रशिक्षणाला पाठवले जाते. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. वन्यजीव खात्याचे नेतृत्व नोकरीच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत, नेमणुकांमधून घडते, आणि नेमणुकांची पद्धत बदलायची तयारी नसेल तर प्रशिक्षणावर केलेला खर्च बव्हंशी वाया जातो.

हा प्रश्न इतर सरकारी खात्यांपेक्षा इथे अधिक टोकदार होतो, कारण इथले काम आणि इथली माणसे यांची घड्याळे जुळत नाहीत. हत्तिणीचा गर्भकाळच सुमारे २२ महिन्यांचा असतो. गिधाडाची मादी विणीच्या हंगामात सहसा एकच अंडे घालते आणि त्यातून निघालेले पिल्लू वयात यायला काही वर्षे जातात. अशा प्राण्यांची घसरलेली संख्या सावरायची तर दोन-तीन दशके लागतात, आणि ज्या अधिकाऱ्याने त्यासाठी पहिला निर्णय घ्यायचा तो दोन-तीन वर्षांत दुसरीकडे गेलेला असतो. म्हणजे कोणताही मोठा वन्यजीव कार्यक्रम एका माणसाच्या कारकिर्दीत पुरा होणारच नाही, हे गृहीत धरूनच खाते चालवावे लागते. एका कर्तबगार अधिकाऱ्याने उभे केलेले काम त्याच्यानंतरच्या चार-पाच जणांनी त्याच निष्ठेने पुढे नेले तरच ते टिकते. शिवाय या अधिकाऱ्याला शास्त्रज्ञाची भाषा समजावी लागते, शिकाऱ्यांच्या टोळीविरुद्ध सशस्त्र गस्त उभी करावी लागते, आणि ज्याची गाय वाघाने मारली त्या माणसासमोर बसून त्याचा राग ऐकून घ्यावा लागतो. या तिन्ही गोष्टी पन्नाशीनंतर एकदम शिकता येत नाहीत.

नेतृत्व कसे घडते याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण न्यूझीलंडचे आहे. तिथल्या दक्षिण टोकाजवळच्या बिग साउथ केप नावाच्या बेटावर १९६४ च्या सुमारास जहाजी उंदीर शिरल्याचे उघड झाले. जमिनीवरचे सस्तन शिकारी प्राणी ज्यांनी कधी पाहिलेच नव्हते असे पक्षी त्या बेटावर तग धरून होते. उंदरांनी चालवलेला धुमाकूळ आधी लक्षात आला तो हंगामात बेटावर येणाऱ्या माओरी लोकांच्या. खबर खात्यापर्यंत पोहोचली तेव्हा उंदरांमुळे एखादी जात नामशेष होईल यावर जाणकारांपैकी सर्वांचा विश्वास नव्हता. निसर्गाला त्याच्या मार्गाने जाऊ द्यावे, असेही म्हणणारे होते. तरीही वन्यजीव सेवेतल्या ब्रायन बेल यांच्या नेतृत्वाखाली एक लहानसा गट बेटावर गेला आणि त्याने सॅडलबॅक या पक्ष्याचे ३६ नमुने पकडून उंदीर नसलेल्या शेजारच्या बेटांवर हलवले. न्यूझीलंडच्या दक्षिण भागातले आजचे सगळे सॅडलबॅक त्या ३६ पक्ष्यांचे वंशज आहेत. झुडपी रेन आणि तिथला स्नाइप या पक्ष्यांना मात्र वाचवता आले नाही, आणि वटवाघळाची एक जातही त्यांच्याबरोबर गेली.

त्या गटात डॉन मर्टन नावाचा पंचविशीतला तरुण होता. थोडा उशीर केला तर काय होते आणि थोडे धाडस केले तर काय वाचते, हे त्याने एकाच मोहिमेत, स्वतःच्या हातात पक्षी धरून पाहिले. पुढे सोळा वर्षांनी, १९८० मध्ये, चॅटम बेटांवरच्या काळ्या रॉबिनचे जगात अवघे पाच पक्षी उरले आणि त्यांतली वीण यशस्वी करू शकणारी मादी एकच होती, तेव्हा निर्णय घेण्याच्या जागी मर्टन होता. या मादीची अंडी काढून दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांच्या घरट्यांत उबवायला ठेवायची, म्हणजे ती पुन्हा अंडी घालेल, अशी युक्ती त्याने लढवली. आधी निवडलेल्या वॉर्बलर पक्ष्यांना पिल्ले नीट पोसता आली नाहीत, म्हणून दुसऱ्या बेटावरचे टॉमटिट शोधले. अंडी होडीतून बेटाबेटांवर न्यायची, आणि एखादे फुटले तर जगातल्या त्या जातीचा मोठा हिस्साच गेला, अशा दडपणाखाली हे काम हंगामामागून हंगाम चालले. आज काळ्या रॉबिनची संख्या अडीचशेच्या आसपास आहे. (जाता जाता एक गोष्ट नोंदवली पाहिजे. काही माद्या घरट्याच्या काठावर अंडी घालीत, आणि माणसे ती उचलून आत ठेवीत. त्यामुळे काठावर अंडी घालण्याची सदोष आनुवंशिक सवय त्या लहानशा समूहात पसरली, असे पुढे संशोधकांना आढळले. मदत कधी थांबवायची हेही नेतृत्वाला शिकावे लागते.)

या कहाणीत मला महत्त्वाचे वाटते ते मर्टनच्या बुद्धिमत्तेपेक्षा बेलने त्याला दिलेले स्थान. ज्येष्ठाने कनिष्ठाला पिशव्या उचलायला नेले नाही. निर्णय होत असताना शेजारी उभे केले, आणि निर्णयाचे फळ, कडू आणि गोड दोन्ही, पाहू दिले. खात्यातही त्याला पुढे तेच काम करू दिले गेले. बढती मिळाली म्हणून त्याला पक्ष्यांपासून दूर नेऊन एखाद्या लेखाशाखेत बसवले नाही. नेतृत्वविकासाच्या योजनेचा मसुदा लिहिणाऱ्यांनी ही दोन वाक्ये मसुद्याच्या डोक्यावर ठेवली तरी पुष्कळ काम होईल.

आता बहुतेक खात्यांत याच्या नेमके उलट काय घडते ते पाहू. समजा, एक बिबट्या दिवसाढवळ्या वस्तीतल्या एका घरात शिरला आहे. घराच्या मालकाने बाहेरून कडी घातली आहे. छपरांवर माणसे चढली आहेत, मोबाइल वर धरलेले आहेत, कुणी दगड मारतो आहे. पहिल्यांदा पोहोचलेले दोन वनरक्षक काठ्या आणि एक जाळी घेऊन उभे आहेत. बेशुद्धीचे औषध सोडणारी बंदूक विभागीय कार्यालयात आहे आणि ती चालवू शकणारा पशुवैद्य आणखी दूर. वनक्षेत्रपाल येतो. बेशुद्धीचे औषध लागल्यावर जनावर लगेच कोसळत नाही, काही मिनिटे जातात, आणि तेवढ्या वेळात ते बिथरून गर्दीत घुसू शकते, हे त्याला ठाऊक आहे. गर्दी मागे हटवून, एक वाट मोकळी ठेवून अंधार पडेपर्यंत थांबणे हा बहुधा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे, हेही त्याला ठाऊक आहे. भारत सरकारने २०११ मध्ये बिबट्यांविषयी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांचा भरही गर्दीच्या नियंत्रणावरच आहे. पण समोर लोकप्रतिनिधी उभा आहे, तो ‘आत्ताच्या आत्ता पकडा’ म्हणतो आहे, आणि फोनवरून वरिष्ठ सांगतात की मला विचारल्याशिवाय काही करू नका.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बिबट्यासारख्या प्राण्याला पकडण्याचा वा मारण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी आदेशाशी बांधला आहे, आणि ते योग्यच आहे. असा अधिकार वाटेल त्याच्या हाती देता येणार नाही. पण थांबण्याचा अधिकार, गर्दी हटवण्यासाठी पोलिसांना हक्काने सांगण्याचा अधिकार, ‘आज पकडणार नाही’ असे लोकांना स्पष्ट सांगण्याचा अधिकार, यांना कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. त्यांना आडकाठी आहे ती खात्याच्या सवयीची. वनक्षेत्रपालाने थांबायचे ठरवले आणि रात्री बिबट्या निघून गेला तर कुणी त्याची पाठ थोपटत नाही. थांबायचे ठरवले आणि कुणी जखमी झाले तर दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस येते. अशा चार-पाच प्रसंगांनंतर शहाणा माणूस एकच गोष्ट शिकतो, ती म्हणजे प्रत्येक निर्णय वर ढकलायचा. पुढे वीस वर्षांनी हाच माणूस मुख्य वन्यजीव रक्षक होतो, आणि तेव्हा वर ढकलायला जागा उरलेली नसते.

म्हणून चूक झाल्यावर खाते काय करते, यावर त्या खात्याचे पुढचे नेतृत्व अवलंबून असते. कॅलिफोर्नियातल्या काँडर गिधाडांच्या बाबतीत हे फार स्पष्टपणे दिसले. १९८० मध्ये घरट्यातल्या एका पिल्लाची तपासणी करताना ते पिल्लू दगावले. जातीचे जेमतेम वीस-पंचवीस पक्षी उरले असताना ही घटना भयंकरच होती. राज्याच्या खात्याने परवानग्या मागे घेतल्या आणि पक्ष्यांना हात लावू नये असे म्हणणाऱ्यांना आयतेच बळ मिळाले. पण काम कायमचे गुंडाळले गेले नाही. पद्धती तपासल्या गेल्या, परवानग्या पुन्हा मिळाल्या, आणि अखेर १९८७ मध्ये रानातला शेवटचा काँडरही पकडून सगळेच्या सगळे २७ पक्षी बंदिस्त प्रजननासाठी आणण्याचा, त्या वेळी अत्यंत वादग्रस्त ठरलेला आणि न्यायालयापर्यंत गेलेला निर्णय अमलात आला. आज काँडरांची एकूण संख्या पाचशेच्या वर आहे. पहिल्या पिल्लाच्या मृत्यूनंतर चौकशी व्हायलाच हवी होती. प्रश्न एवढाच की चौकशीचा रोख ‘काय चुकले’ यावर असतो की ‘कुणाला लटकवायचे’ यावर. निष्काळजीपणा आणि सद्हेतूने घेतलेला चुकीचा निर्णय यांत फरक करणारी लेखी कार्यपद्धती फार थोड्या वन्यजीव खात्यांकडे आहे, आणि ती नसल्याची किंमत ज्यांनी अजून एकही निर्णय घेतलेला नाही अशा तरुण अधिकाऱ्यांच्या मनावर वसूल होते.

याच भीतीचे दुसरे रूप म्हणजे वाईट बातमी वर न जाणे. २००४-०५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्काच्या व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरलेला नाही हे जगाला कळले, तोपर्यंत कागदोपत्री तिथे वाघ होते. पाठोपाठ २००९ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्नाविषयी तसेच कबूल करावे लागले. तिथे तर बाहेरच्या अभ्यासकांनी आधी दिलेले इशारे खात्याने धुडकावले होते. एखाद्या जंगलातून वाघ एका रात्रीत संपत नाहीत. रोज पायी गस्त घालणाऱ्याला ठसे दिसेनासे होतात, विष्ठा सापडेनाशी होते, झाडांवरचे ओरखडे जुने होत जातात. ही माहिती सर्वांत आधी ज्याच्याकडे असते तो खात्याच्या उतरंडीत सर्वांत खाली असतो, आणि वर बसलेल्या प्रत्येकाला आपल्या कार्यकाळात आकडा घटलेला नको असतो. सरिस्कानंतर पंतप्रधानांनी नेमलेल्या व्याघ्र कृती दलाने २००५ मध्ये अहवाल दिला, त्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आले, पावलांच्या ठशांवरून मोजणी करण्याऐवजी कॅमेरा ट्रॅप व संख्याशास्त्रावर आधारलेली पद्धत आली. या सुधारणा मोठ्या आहेत. पण कॅमेऱ्याने दाखवलेले शून्य वरिष्ठांसमोर मांडायला शेवटी माणूसच लागतो.

पन्नाची पुढची हकिगत मात्र उमेद देणारी आहे. खाते तेच, जंगल तेच, कर्मचारीही बरेचसे तेच. बाहेरून दोन वाघिणी आणल्या गेल्या, आणि नंतर नवे क्षेत्र संचालक आर. श्रीनिवास मूर्ती यांच्या काळात पेंचहून एक नर आणला गेला. तो नर नोव्हेंबर २००९ मध्ये पन्नातून निघाला तो थेट आपल्या जुन्या घराच्या दिशेने. सुमारे महिनाभर हत्तींवरून, गाड्यांतून आणि पायी कर्मचारी त्याच्या मागावर राहिले. शेतांमधून, गावांजवळून तो जात राहिला, त्याला कुणी इजा केली नाही आणि त्याने कुणाला केली नाही. अखेर त्याला बेशुद्ध करून परत आणले. पुढच्या एप्रिलमध्ये पन्नात बछडे जन्मले. वाघ गमावल्याचा ठपका ज्यांच्यावर होता त्यांच्याच हाती हा पाठलाग सोपवण्यात फार मोठे शहाणपण होते. त्या महिनाभरात दर काही तासांनी कुणा ना कुणा वनरक्षकाला, वनपालाला स्वतःच्या अकलेने ठरवावे लागले असणार की जवळ जायचे की मागे राहायचे. कोणत्याही अकादमीत इतका सघन नेतृत्ववर्ग भरवता येणार नाही.

बदल्यांचा विषय टाळून यापुढे जाता येत नाही. बदल्यांच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद खोटा नाही. एकाच परिक्षेत्रात वर्षानुवर्षे बसलेला अधिकारी तिथल्या लाकूडचोरांशी, वाळूवाल्यांशी, पर्यटन-व्यावसायिकांशी साटेलोटे जमवू शकतो, आणि तशी उदाहरणे घडलेली आहेत. दुर्गम ठिकाणी कुणा एकालाच कायम ठेवणे अन्यायाचेही आहे. पण या दुखण्यावर दिलेल्या औषधाचा डोस इतका वाढला आहे की औषधच दुखणे झाले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाला २०१३ मध्ये सनदी सेवांसाठी किमान कार्यकाळ ठरवण्याचे निर्देश द्यावे लागले, यावरूनच स्थिती कळते. दोन वर्षांत बदली होणार हे ज्याला ठाऊक आहे तो कुंपण घालतो, पाणवठा खोदतो, उद्घाटन उरकतो; शेजारच्या दहा गावांशी विश्वासाचे नाते जोडायला पाच वर्षे लागतील हे कळूनही तो त्या वाटेला जात नाही, कारण त्याचे फळ त्याच्या अहवालात येणार नसते. भ्रष्टाचाराची भीती असेल तर लेखापरीक्षण कडक करा, निर्णय सार्वजनिक करा, अधिकाऱ्यावर समिती नेमा. ज्ञान पुसून टाकणे हा प्रामाणिकपणा राखण्याचा फार महाग उपाय आहे. वन्यजीव व्यवस्थापनाचे महिनोन्‌महिने प्रशिक्षण घेऊन आलेल्या अधिकाऱ्याची पुढची नेमणूक वन्यजीव विभागातच होईल याची हमी नसणे, हे तर निव्वळ उधळपट्टीचे प्रकरण आहे.

मग बाहेरून तयार नेता का आणू नये, असे विचारले जाते. केनियाने ते करून पाहिले. हत्तींची सर्रास कत्तल चालली असताना १९८९ मध्ये संग्रहालयाच्या क्षेत्रातून आलेल्या रिचर्ड लीकी यांच्याकडे वन्यजीव खात्याची सूत्रे दिली गेली. त्याच वर्षी जप्त हस्तिदंताचा १२ टनांचा ढीग जाहीरपणे जाळला गेला, खात्याची पुनर्रचना होऊन केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिस उभी राहिली, गस्तीपथकांना शस्त्रे आणि वेतन मिळाले, परदेशी निधी आला. बुडते जहाज वाचवायला असा माणूस लागतो, यात शंका नाही. पण १९९४ मध्ये राजकीय संघर्षातून ते बाहेर पडले, नंतर आलेल्यांचे धोरण वेगळे होते, काही वर्षांनी लीकी परत आले आणि पुन्हा गेले. प्रमुख बदलला की खात्याची दिशाच बदलते, तेव्हा मधल्या फळीत दिशा धरून ठेवणारी माणसे पुरेशी नाहीत असा त्याचा अर्थ होतो. बाहेरचा नेता आणीबाणीत जरूर आणावा. त्याच्या कामाच्या यादीत आपल्यामागे आतले पाच जण उभे करणे हेही लिहून द्यावे.

आतली माणसे उभी करायची तर आत कोण येते याकडेही पाहावे लागते. अमेरिकेत १९३५ पासून विद्यापीठांशी जोडलेली वन्यजीव संशोधन केंद्रे सुरू झाली आणि १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. त्यासाठी शिकारीच्या परवान्यांचे उत्पन्न दुसरीकडे न वळवण्याची अट राज्यांना घातली. त्यातून शास्त्रशुद्ध प्रशिक्षण घेतलेल्या अधिकाऱ्यांची एक समर्थ परंपरा तयार झाली. मात्र तिचा साचाही ठरून गेला. एकाच पार्श्वभूमीचे, बहुतांश पुरुष, शिकार आणि मासेमारी यांतूनच निसर्गाकडे आलेले लोक पिढ्यान्‌पिढ्या वर चढत राहिले, आणि शिकार न करणारा, शहरात राहणारा, तरीही वन्यजीवांविषयी आस्था असणारा मोठा समाज दाराशी आला तेव्हा त्याच्याशी बोलायचे कसे, हे खात्यांना उमगेना. भरती जशी, तसे पंचवीस वर्षांनंतरचे नेतृत्व, हे इतके उघड असूनही भरतीचे नियम ठरवताना कुणी नेतृत्वाचा विचार करत नाही.

शिडीच्या तळाशी असलेल्यांचा प्रश्न याहून कठीण आहे. दक्षिण आफ्रिकेत पांढऱ्या गेंड्याला वाचवण्याच्या १९६० च्या दशकातल्या मोहिमेशी इयन प्लेयर यांचे नाव कायमचे जोडलेले आहे, आणि ते रास्तच आहे; उम्फोलोझीच्या राखीव वनातून पकडलेले गेंडे त्या मोहिमेने दूरदूरच्या वनांत आणि देशांत पोहोचवले. पण आपल्याला जंगल शिकवले ते मागकुबू न्टोम्बेला या झुलू वनरक्षकाने, हे प्लेयर आयुष्यभर सांगत राहिले. न्टोम्बेला लिहू-वाचू शकत नव्हते. अर्थात त्यांना लिहिता आले असते तरी त्या देशातल्या वर्णभेदी कायद्यांनी त्यांना वर चढू दिले नसते. आज तसे कायदे कुठे नाहीत. पदव्यांच्या अटी मात्र आहेत, आणि त्या अनेक देशांत तेच काम करतात. जंगलाच्या कडेला वाढलेला, तिथली बोली बोलणारा, जनावरांची चाल ओळखणारा माणूस रोजंदारीवर किंवा सर्वांत खालच्या पदावर लागतो आणि तिथूनच निवृत्त होतो. त्याच्यावर हुकूम चालवायला मात्र जंगल पहिल्यांदा पाहणारा पदवीधर येतो. परीक्षा आणि पदव्या रद्द करा असे मी म्हणत नाही. नोकरीत असताना शिकण्याची सवलत, अनुभवाला गुण, आणि खालून वर येणाऱ्यांसाठी राखीव जागांचे निश्चित प्रमाण, हे उपाय इतर सेवांत रुळलेले आहेत. स्त्रियांच्या बाबतीतही बराचसा अडथळा क्षमतेचा नसून राहण्याची जागा, स्वच्छतागृह आणि मुलांची शाळा असा अगदी साधा आहे, आणि तो दूर करायला नव्या धोरणाची नव्हे, अंदाजपत्रकातल्या एका तरतुदीची गरज आहे.

प्रशिक्षणसंस्थांचे मोल मी कमी करत नाही. टांझानियातल्या म्वेका येथील महाविद्यालयाने १९६३ पासून आफ्रिकेतल्या अनेक देशांना वन्यजीव अधिकारी पुरवले. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था १९८२ पासून तेच काम करते आहे. अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय नेतृत्व-उपक्रमात तर प्रत्येक प्रशिक्षणार्थीला आपल्या खात्यातला एक खराखुरा, अडलेला प्रश्न बरोबर आणावा लागतो आणि परत जाऊन त्यावर काम करावे लागते, ही पद्धत सगळ्यांनी उचलावी अशी आहे. मात्र वर्गात शिकलेले वापरायला परत आल्यावर जागा नसेल तर प्रमाणपत्र भिंतीवर लागते आणि माणूस पुन्हा फायलीत शिरतो.

हे सगळे सवडीने करण्याजोगे काम राहिलेले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियल येथे जगातल्या देशांनी २०३० पर्यंत पृथ्वीचा ३० टक्के भूभाग आणि तेवढाच समुद्र संरक्षित करण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने संरक्षित भूभागांवर सध्या सुमारे २ लाख ८६ हजार वनरक्षक असल्याचा अंदाज मांडला, आणि हे उद्दिष्ट गाठायचे तर १५ लाखांहून अधिक लागतील असे सांगितले. एवढी भरती खरोखर होईल असे मला वाटत नाही. निम्मी झाली तरी त्या माणसांना पहिल्या दिवशी काम दाखवणारे, चुकल्यावर सावरून घेणारे, वरच्यांशी त्यांच्या बाजूने बोलणारे हजारो मधले अधिकारी लागतील, आणि ते आज तिशीत असायला हवेत. माणसे भरण्याचा आकडा सगळेच मांडतात; त्यांना सांभाळणाऱ्यांचा आकडा कुठल्याच आराखड्यात दिसत नाही.

सुरुवात कुठून करायची, तर मी कार्यभार हस्तांतरणापासून करीन. आज अधिकारी बदलतो तेव्हा किल्ल्या, वाहने, शस्त्रे आणि रोख शिल्लक यांची यादी दोघांच्या सह्यांनी एका दिवसात पुरी होते. कोणत्या गावाला काय शब्द दिला आहे, कोणत्या वाघिणीचे बछडे कोणत्या दरीत आहेत, कोणता वनपाल अडचणीत पुढे होतो आणि कोणाला अजून वेळ द्यायला हवा, गेल्या तीन वर्षांत कोणता प्रयोग फसला आणि का, यांचा त्या यादीत पत्ता नसतो. संरक्षित क्षेत्राच्या प्रमुखपदाचे हस्तांतरण किमान तीन महिन्यांचे असावे, जाणारा आणि येणारा दोघे त्या काळात पायी एकत्र फिरावेत, आणि जाणाऱ्याने आपल्या फसलेल्या निर्णयांसह एक लेखी टिपण मागे ठेवावे, ज्याचा वापर त्याच्याविरुद्ध चौकशीत करता येणार नाही अशी नियमातच तरतूद असावी. त्याच टिपणात आपल्या हाताखालच्या कोणत्या तिघांना आपण कोणती पूर्ण जबाबदारी दिली आणि त्यांनी ती कशी पार पाडली, हे नावानिशी लिहिणे सक्तीचे करावे, आणि त्या अधिकाऱ्याची पुढची बढती ठरवणाऱ्या समितीसमोर सेवाज्येष्ठतेच्या यादीच्या आधी हे पान ठेवले जावे. यासाठी नवा कायदा लागत नाही आणि निधीही फारसा लागत नाही. दोन अधिकाऱ्यांचे तीन महिन्यांचे वेतन एकाच पदावर खर्ची टाकायला वित्त विभागाची मंजुरी तेवढी लागेल.